लाल बटन नसलेला डबा घेऊन सिरोंच्यावरून

आणि पुन्हा तेच! "जुन्या डब्याले लाल बटन होतं, तुझ्या नव्याले बटनच नाई, मग तो चांगला कसा?" बाई, त्या बटनानंच तर तुझे तीन डबे फोडले. फोनवर सांगून झालं, मेसेज टाकून झाले, आता इथं सगळ्यांसमोर लिहितो.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात, आणि बायाही बोलताना 'जातो, करतो'च म्हणतात. आरमोरीहून ब्रह्मपुरीकडं जाताना आमचं गाव लागतं. तिथं राईस मिलच्या भिंतीला लागून तिचा भाड्याचा गाळा आहे. झेरॉक्स, दाखले, ऑनलाइन फॉर्म. एकच कॉम्प्युटर, आणि त्याच्या पोटात सगळ्या पार्टांना वीज वाटणारा लोखंडी डबा, म्हणजे पॉवर सप्लाय. दुकानात एसएमपीएस म्हणून मागायचा.

मिल सुरू झाली की आमच्या लाइनीचं व्होल्टेज धपकन पडतं. स्वस्त डब्याच्या मागं एक लाल बटन असतं, एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५. गावचा वायरमन मारोतीभाऊ, त्यानं युक्ती काढली. मिल सुरू झाली की ११५ कर, थांबली की वापस २३०. चाललंही. पण मिल काय घंटी वाजवून थांबते? पट्टा तुटला, मिल थांबली, व्होल्टेज पुरं आलं, बटन ११५ वरच राहिलं आणि फट्! धूर. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा पोलीस भरतीचा फॉर्म भरायला बसलेल्या पोरी उठून आरमोरीला गेल्या.

"आता नवा डबा आन, नाई तर नको आनू," बाई फोनवर म्हणाली. "अजून एकदा बंद पडला का गाळा सोडतो आन् मिरची तोडायले जातो. मुकादमाची जीप येऊनच राह्यली."

आई जायची तेलंगणात मिरची तोडायला. हातांची आग रात्रभर थांबत नसे. मी आठवीनंतर शाळा सोडली, बाई बारावी शिकली, ती काय मिरचीसाठी? मी हैदराबादला कुरिअरच्या गोदामात खोकी उतरवतो. सुपरवायझरला चार दिवसांची सुट्टी मागितली, तो नाही म्हणाला, मी निघालो.

डबा निघायच्या आधीच घेतला. साडेचारशे वॅट, वीज कमी वाया घालवण्याचा ऐंशी प्लसचा शिक्का, पाच वर्षांची वॉरंटी, पक्कं बिल, सव्वीसशे रुपये. गेमिंगचं कार्ड नसेल तर एवढे वॅट पुष्कळ होतात. स्वस्त डब्यावर पाचशे छापलेलं असतं, त्यातले निम्मे तरी मिळतील का याचा भरवसा नाही.

रेल्वेचं तिकीट मिळेना, आणि वाट बघणं माझ्याच्यानं होत नाही. वरंगलपर्यंत बस, पुढं कालेश्वरम, मग शेअर जीपनं गोदावरीचा पूल ओलांडून सकाळी सिरोंचा. पाणी रुंद, कडेला जाळी वाळत घातलेली. लोक इथं थांबून फोटो काढतात, तुम्हीही काढा. मी जीपवाल्याला चल चल करत होतो. स्टँडजवळ तीस रुपयांत इडली मिळाली, मालक माझ्याशी तेलुगूत अन् बायकोशी मराठीत बोलत होता.

तिथंच समोरून आलेली जीप थांबली. बायाच बाया, टपावर स्वयंपाकाची गंजं, चुलीची लाकडं, पिशव्या.

"कुठल्या हो मावशी?" मी विचारलं.

"सिंदेवाईकडच्या. तू कुठी चालला?"

"घरी. आरमोरीकडं."

"पहा वं," ती शेजारणीला म्हणाली, "आपुन तिकडं, हा इकडं. याले मिरची तिखट लागते वाटते." सगळ्या हसल्या. मीही हसलो, इडलीचे पैसे दिले आणि एसटीकडं पळालो.

सिरोंचा ते आलापल्ली रस्त्याचं काय सांगू? शंभरेक किलोमीटर, एसटीनं पाच तास धरून चला. पाण्याची बाटली ठेवा, पोट हलकं ठेवा. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पानं धुळीनं लाल झालेली. डबा मी मांडीवर धरला होता. कंडक्टर म्हणाला, "ठेव ना वर."

"नाई भाऊ, दणके बसतात."

"दणके मलेबी बसून राह्यले. मले घेतं का मांडीवर?"

बस थांबली की मी खाली, सुटली की वर. आलापल्लीला बस बदलली. पुढं आष्टी, चामोर्शी, गडचिरोली असं करत आरमोरीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सगळं भाडं सहाशेच्या आत.

सकाळी डबा बसवला. चार स्क्रू आणि आठवणीनं जोडायच्या वायरी, बस. कॉम्प्युटर लगेच सुरू झाला. मी बाईकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती, मिलच्या. पट्टा घरघरला, बल्ब पिवळा पडला आणि कॉम्प्युटर गप्प.

"झालं?" बाई म्हणाली. "पंखा चालून राह्यला, बल्ब लागून राह्यला, तुझा सव्वीसशाचा तेवढा बंद. बटन असतं तर खाली केलं असतं."

मारोतीभाऊ दारातच उभा होता. "मी म्हनलो होतो ना, बिनबटनाचा चालत नाई इथी."

माझं डोकं फिरलं. बॅगेतून व्होल्टेज मोजायचं मीटर काढलं, बोर्डात सुया घातल्या. "एकशे चाळीस," मी ओरडलो. बाईनं डबा बाहेर ओढला, चष्मा लावला आणि कडेचं बारीक लेबल वाचलं.

"इथी लिवलं हाय, दोनशे ते दोनशेचाळीस. तू वाचलं नाई का घेताना?"

नव्हतं वाचलं. वॅट बघितले, शिक्का बघितला, किंमत बघितली. डबा खराब नव्हताच. कमी वीज आली तेव्हा काही न जाळता तो मुकाट बंद पडला. पण आमच्या गावाला शंभर ते दोनशेचाळीस लिहिलेला पाहिजे होता. तसल्या डब्याला बटन लागत नाही, तो आपला आपण सांभाळून घेतो. तुमचं गाव लाइनीच्या टोकाला असेल तर इनपुटची ती ओळ आधी वाचा, बाकीचं मागून.

डबा उचलताना कॅबिनेटला हात लागला, झणझण झाली. म्हटलं, "बाई, अर्थिंग नाही इथं?"

"मी पाय पोत्यावर ठेवतो ना."

"मागं खड्डा खणू, रॉड टाकू."

"गाळा सोडायचाच हाय, तर खड्डा काऊन खनू?"

मी डबा खोक्यात भरला आणि बदलून आणायला तसाच निघालो. जीपनं ब्रह्मपुरी, तिथून पॅसेंजरनं चंद्रपूरचं चांदाफोर्ट स्टेशन. तिकीट स्वस्त, नागभीडच्या पुढं खिडकीतून जंगल फुकट. मी मात्र दारात उभा. चंद्रपुरात पहिल्या दुकानात पोरगा म्हणाला, "हातात घेऊन बघा, वजन बघा भाऊ." मी म्हटलं, तांदूळ घेऊन राह्यलो का? वजनासाठी आत लोखंडाचा तुकडा घातलेले डबे मी गोदामात फुटलेले पाहिलेत. दुसऱ्या दुकानातल्या चाचांनी तीन खोकी पुढं ठेवली. मी प्रत्येकाचं लेबल वाचलं, ओठ हलवत, दोनदा.

"इम्तिहान है क्या बेटा?" चाचा म्हणाले.

"बहन का है," मी म्हटलं.

शंभर ते दोनशेचाळीस एकाच खोक्यावर होतं. बेचाळीसशे. चाचांनी माझा आधीचा डबा अठराशेला ठेवून घेतला, वर दाबेली खाऊ घातली. स्टँडसमोर मिळते, पंधरा रुपये, नक्की खा.

घरी आलो तर ओसरीवर मुकादम बसलेला. आई त्याला चहा देत होती. "उद्याच्याले जीप सुटते, बाई," तो म्हणत होता. बाई माझ्या हातातल्या खोक्याकडं बघून म्हणाली, "उद्या मिल सुरू झाल्यावर सांगतो."

सकाळी गाळ्यात आम्ही दोघं, आणि बोलवलं नव्हतं तरी मारोतीभाऊ. बाईनं एका पोरीचा फॉर्म उघडला. पट्टा घरघरला, बल्ब पिवळा पडला, पंखा मंदावला. मीटरवर एकशे अडतीस. बाई टाइप करत राहिली. नाव, बापाचं नाव, जात, उंची. जेवणाच्या वेळी मिल थांबली, बल्ब लख्ख झाला, मी डोळे मिटून घेतले. काहीच फुटलं नाही.

मारोतीभाऊ डब्याच्या मागं वाकून बघत होता. "आन् बटन कुठी हाय याचं?"

"तुमच्यापासून लपवलं, भाऊ," बाई म्हणाली. आणि तिनं पुढचा फॉर्म उघडला. मुकादमाला काय सांगितलं ते मला कळलं नाही. माझे चार दिवस संपले होते.

परत येताना बल्लारपूरवरून आलो. पेपर मिलचा वास फलाटापर्यंत येतो, हैदराबादकडच्या गाड्या पुष्कळ, जनरलमध्ये उभं राहायची तयारी ठेवा. गोदामात पोचलो, चार दिवसांचा पगार कापला गेला. खोकी उतरवतो, पण जीव तिकडंच. दुपार झाली की वाटतं, आता मिल थांबली असेल.

काल बाईचा फोन आला. पुन्हा बटनावरूनच भांडली, या पानाच्या सुरुवातीला लिहिलंय तेच. मी चिडून ठेवणार तेवढ्यात म्हणाली, "बरं आयक. गाळ्याच्या मागं खड्डा खनला."

"कशाचा?"

"तुझ्या त्या अर्थिंगचा, अजून कशाचा? मारोतीभाऊनं खनला, मी उभी राहून खनवला. जीप तवाच गेली, मी नाई गेलो. आता सामान लिवून घे."

रॉड, तांब्याची तार, मीठ, कोळसा, मारोतीभाऊची मजुरी. लिहून घेतलं. आज पाठवतो आहे: दोन हजार तीनशे पन्नास रुपये.