होज पाईप बदलून मिळतील

आमच्या दुकानात फुटलेला पाईप एकटा कधीच येत नाही. सोबत माणूस येतो, आणि पाईप कुठे फुटला, समोर कोण उभं होतं, कोणाच्या धोतरावर तेल उडालं, हे सांगितल्याशिवाय त्याला माप देता येत नाही. पाईप बदलून जातो, गोष्ट दुकानात राहते. नव्वदीच्या त्या वर्षांत नवीन जालन्यात अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुकानात बसून मी अशा बऱ्याच गोष्टी जमवल्या. वाईट एवढंच, की त्यातल्या निम्म्यांत माझीच फजिती आहे.

दुकान तसं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं. बी.एस्सी. झाल्यावर अप्पांच्या मागे लागून मी एक सेकंडहँड प्रेस मशीन घ्यायला लावलं. पाईपच्या टोकाला फिटिंग दाबून बसवायचं मशीन. जुन्या लोडर-डोझरचा, दाबाखालचं तेल वाहून नेणारा तयार पाईप मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. आपण मीटरवर पाईप आणून इथेच बनवून देऊ, असं माझं भाषण होतं. काकांना मात्र बियाण्याची एजन्सी हवी होती. शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत मशीन चाललं तर ठीक, नाहीतर विकायचं. मशीन गेलं की मी घरी, आणि घरी स्थळं तयारच होती.

* * *

पहिली कटकट मापाची. अंतरवाली सराटीचे एक लोडरवाले मामा आले.

"दीड हात पाईप द्या."

"कोणाचा हात?"

"मेव्हण्याचा."

"मेव्हणे कुठेत?"

"ते गावाकडंच राह्यले."

मी चिडून पाटीच लावली : जुना पाईप आणल्याशिवाय नवा मिळणार नाही. दोन दिवसांनी दारात अंधार झाला. बाहेर पाहते तर अख्खा लोडर, बकेट साखळीनं बांधलेली, मागे रिक्षांचे हॉर्न. मामा शांतपणे खाली उतरले.

"जुना पाईप निघंना, ताई. मंग हे सगळंच आणलं."

* * *

काही गिऱ्हाइकांना काउंटरवर मुलगी दिसली की दुकान बंद आहे असं वाटायचं. एक क्रेनवाले माझ्याकडे न बघता, पेपर वाचत बसलेल्या काकांना विचारायचे, "ह्याला किती तारेचा पाईप लागंल?" म्हणजे रबराच्या आत तारेच्या जाळीचे थर किती. काका मला विचारायचे. मी काकांना सांगायचे, "दोन तारेचा." काका त्यांना सांगायचे, "दोन तारेचा." असं अर्धा तास चाललं. माझं डोकं तापलं होतं, पण काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

निघताना ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "काका लई जाणकार हायेत तुमचे. बसल्या बसल्या शिकून घ्या काहीतरी."

काकांनी मान डोलावली.

* * *

बदनापूरच्या एका म्हाताऱ्या डोझरचा एक पाईप फुटला होता. मालक म्हणाले, "एकच बदला, खर्चा झेपत न्हाई." मी त्यांना दाबाचं विज्ञान समजावलं. एक गेला म्हणजे बाकीचेही जाणार, रोज एक बदलण्यापेक्षा एकदाच सगळे बदला, स्वस्त पडेल. अप्पा मागून खोकत होते. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

सगळे पाईप बदलले. तेल कुठूनही सुटेना म्हटल्यावर सगळा जोर मशीनच्या आतल्या जुन्या रबरी सिलांवर आला आणि ती फाटली. मालक परत आले. जराही रागावलेले नव्हते.

"पाईप एकदम बराबर बनवले, ताई. आता त्यांना शोभंल असं मशीन द्या."

* * *

दिवाळी तोंडावर आली तेव्हा काकांनी औरंगाबादहून एक गृहस्थ मशीन बघायला आणले. पांढरा सफारी, त्यांचं तिकडे पाईपचंच दुकान. त्याच वेळी एक लोडरवाला पाईपसाठी खोळंबून बसला होता. अप्पा म्हणाले, "ह्यांचाच पाईप दाबून दाखव."

अप्पांचं मन वळवायची हीच वेळ, असं मला वाटलं. मी मशीनची अशी काही तारीफ केली की विचारू नका. सफारीवाले खूश झाले. "पोरगी बराबर बोलून राह्यली. घेतो मी."

काका हसले. मी संतापून दांडा ओढला, आणि प्रेस मशीनचा स्वतःचा पाईप फुटला. सगळं तेल सफारीवर. जिल्ह्यातले पाईप तपासणाऱ्या मला तो एक पाईप कधी दिसलाच नव्हता. आणि तो दुरुस्त करायचा तर दाबायला हेच मशीन हवं होतं.

"नीट करून ठेवा," पाहुणे चेहरा पुसत म्हणाले, "परवा टेम्पो पाठवतो."

ते गेल्यावर लोडरवाल्यानं हळूच विचारलं, "मंग माझा पाईप?"

अप्पांनी त्याचा अर्धवट दाबलेला पाईप उचलून उजेडात धरला. मग मला म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जाय. आपला पाईप करून आण. ह्या माणसाचं काम अडलंय."

"अन् टेम्पो?" काकांनी विचारलं.

अप्पा तेल पुसायला चिंधी शोधत होते.

आमच्याशिवाय जवळचं प्रेस मशीन एकच, औरंगाबादचं. सकाळी मी तिथल्या काउंटरसमोर उभी राहिले. समोर तेच गृहस्थ, दुसऱ्या सफारीत. त्यांनी पाईप हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना विचारतात तेच मला विचारलं.

"कोणत्या मशीनचा आहे?"

"जुनं प्रेस आहे एक," मी म्हटलं. "विकायचं नाही."