एका माणसापुरतं पाणी

डायलिसिसची मशीन चालवणारी सून घरात आहे, म्हणजे सासऱ्यांची काळजीच मिटली, असं सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

संध्याकाळपर्यंत वादळ येणार, पुढे दोन-तीन दिवस रस्ते बंद, असा इशारा आला. मग उद्या-परवा डायलिसिसची पाळी असलेल्यांनी जायचं कुठे? मागच्या पुरात याच कारणाने दोन पेशंट दगावले होते आणि ते सुनेच्या जिव्हारी लागलं होतं. तेव्हापासून यादी, फोन, कुणाला कोण आणणार, सगळं तयार होतं. सकाळी सहापासून तिने एकेकाला बोलावलं. चारऐवजी दोनच तास, पण कुणी सुटायला नको.

सासऱ्यांची पाळीही उद्याचीच. निघताना सासूबाईंनी बजावलं, "जगाचं कर, पण दिव्याखाली अंधार नको."

सासरे जुने ट्रक ड्रायव्हर. दवाखान्याच्या बाकावर ऐसपैस बसून म्हणाले, "मला शेवटी घे गं. इथे पंखा तरी आहे."

चार वाजता नळाचं पाणी गेलं. मशीनला पाणी लागतं बादल्या-बादल्या. तिने टाकीत वाकून पाहिलं. एका माणसापुरतं होतं, आणि बाकावर उरले होते फक्त सासरे. तेवढ्यात रिक्षावाला शिवणवाल्या बाईंना घेऊन आला. त्यांचा फोन सकाळपासून बंद होता, म्हणून तिनेच त्याला घरी पिटाळलं होतं. बाईंचं मागच्या खेपेचं डायलिसिसही हुकलेलं. धापा टाकत त्या दारातच बसल्या.

मशीनला कुणाला लावायचं हे उघड होतं. डॉक्टरही तेच म्हणाले. सासऱ्यांकडे बघायची मात्र तिला हिंमत होईना.

"बघतेस काय? लाव त्यांना," ते हळूच म्हणाले.

वादळ तीन दिवस हललं नाही. अंगात पाणी साठू नये म्हणून ती सासऱ्यांना दिवसाला दोनच पेले पाणी मोजून देई. सासूबाईंनी तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना धाप लागून आडवं होता येईना. पाठीशी उशा रचून ती त्यांचे श्वास मोजत बसली. आपल्याच हाताने आपण घरचा माणूस घालवतोय, असं तिला वाटत राहिलं. दुपारी रस्ता जाण्याजोगा झाला, दवाखान्यात पाणीही आलं. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून गुडघाभर पाण्यातून नेलं.

मशीन लागून तास झाला, तेव्हा कुठे त्यांना नीट बोलता येऊ लागलं. शेजारच्या खाटेवर शिवणवाल्या बाई होत्या.

"काका, त्या दिवशी तुम्हाला लावलं नव्हतं का?"

पायथ्याशी उभ्या सासूबाईंनी तोंड उघडलंच होतं.

"मीच टाळलं," सासरे म्हणाले. "सुईला घाबरतो मी. कुणाला सांगू नका."

सासूबाईंनी तोंड मिटलं. सून मशीनवरचा आकडा टिपायला वळली, पण तो काही केल्या तिला वाचता येईना.