अक्काच्या सासऱ्यांचं देऊळ

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांकडे पाहुणा म्हणून गेलेला आणि देऊळ न बघता जेवून परत आलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडला नसता. चौसाळ्याला त्यांचं रंगाचं आणि खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं, आणि तिथून जीपने अर्ध्या तासावर, एका लहानशा गावाच्या टोकाला महादेवाचं जुनं देऊळ होतं. काळ्या दगडाचं, जोत्यापासून छतापर्यंत कोरलेलं. ते कोणी बांधलं हे गावात कोणालाच सांगता येत नसे. पण अक्काचे सासरे ते दाखवत अशा थाटात, की नवख्याला वाटावं, यांनीच हयात घालून बांधून घेतलं आणि वास्तुशांत तेवढी राहिलीय. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायचो.

अक्काच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा कॉलेजात होतो आणि सकाळपासून उपाशी होतो. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. मामा दुकानातून आले, गळ्यातलं लिंग कपाळाला लावून नमस्कार केला, आणि मला म्हणाले, "चला पावनं, देऊळ बगून यिऊ." मी आशेने स्वयंपाकघराकडे बघितलं. अक्का दारात उभी राहून हसत होती. मामा म्हणाले, "जेवून न्हाई जायचं. पोट भरलं की मानसाची नजर जड हुती." त्या दिवशी मी भर दुपारी दोन वाजता, तापलेल्या फरशीवर अनवाणी, एकेक हत्ती बघत देवळाला प्रदक्षिणा घातली. जोत्यावर हत्तींची रांग होती आणि त्यातले दोन हत्ती एकसारखे नाहीत, असा मामांचा दावा होता. दर चार हत्तींनंतर ते थांबायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. हत्तीकडे मी नीट बघतोय की नाही, याची परीक्षा ते माझ्या तोंडावर घेत.

देऊळ दाखवायची त्यांची सामग्री ठरलेली होती. एक तांब्या आणि एक दाढीचा आरसा. कोरड्या दगडात नक्षी झोपलेली असते, असं ते म्हणत. तांब्यातलं पाणी भिंतीवर फेकलं की दगड काळाभोर व्हायचा आणि त्यातून एकदम एखाद्या बाईचं हसू वर यायचं. आत सभामंडपात अंधार. तिथे दारात उभं राहून ते आरशाने उन्हाचा कवडसा छतावर टाकायचे आणि तो कमळाच्या पाकळीपाकळीवरून फिरवायचे. पाहुणा मान वर करून थकायचा, मामांचा हात थकायचा नाही. एकदा रंगाच्या कंपनीचा विक्रेता आला होता, टाय लावून. त्यालाही त्यांनी सोडलं नाही. तो बिचारा मंडपात मान वर करून उभा आणि मामा दारातून ओरडतायत, "साहेब, टाय सैल करा, मंग दिसंल!"

बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींना पुस्तकात काय नावं आहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि पर्वाही नव्हती. त्यांनी स्वतःच बारसं केलं होतं. एक आरसेवाली, एक माकडवाली आणि मागच्या बाजूला पायातला काटा काढणारी ती काटेवाली. घरातल्या लेकी-सुनांबद्दल बोलावं तसं ते त्यांच्याबद्दल बोलत. पावसाळा लांबला की म्हणत, "काटेवालीच्या अंगावर शेवाळ चढलं असंल, जाऊन यायला पायजे."

अक्काच्या नणंदेला बघायला पाहुणे येत तेही आधी देवळात नेले जात. बीडकडच्या मंडळींना मामांनी तिथल्या तिथेच नकार दिला, कारण मुलाच्या बापाने खांबावर थाप मारून विचारलं, "ह्याला शिमीट किती लागलं आसंल हो?" त्यानंतर नांदूरघाटकडचा एक लाजाळू मास्तर आला. प्रदक्षिणा झाल्यावर मामांनी विचारलं, "काय बगितलं?" मास्तर चाचरत म्हणाला, "मोजले न्हाईत मी. पण त्या कोपऱ्यात एक हत्तीण पिलाला सोंडेनं म्होरं ढकलतीया, ती लई आवडली." मामांनी पत्रिका मागवलीच नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, "पोरगं दिसायला बारीक हाय, पर त्याला दिसतंय." तो संसार उत्तम झाला, हे इथे सांगितलं पाहिजे.

आणि असा हा माणूस रंग विकत होता! तोही किती नाखुशीने. गिऱ्हाईक पोपटी मागायला आलं की ते त्याला तासभर समजावून पांढरा देत. त्यांच्या स्वतःच्या घराच्या दगडी भिंतींना कधी कुंचला लागला नाही. पण ते दिवस रंगाचेच होते. घरांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, रस्त्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, गावोगावच्या देवळांना गुलाबी, निळे, सोनेरी अंगरखे चढत होते. देवळाच्या गावचे माजी सरपंच म्हणजे भला माणूस. मुलाला कंत्राटं मिळू लागली होती, हातात चार पैसे आले होते, आणि देवासाठी काही करावं असं त्यांच्या मनाने घेतलं. महाशिवरात्रीच्या आधी सगळं देऊळ ऑइलपेंटने रंगवायचं ठरलं. रंग अर्थातच मामांच्या दुकानातून.

मामांनी पहिल्यांदा सांगितलं, माल यायचाय. दुसऱ्यांदा सांगितलं, गुलाबी बंद झालाय. तिसऱ्यांदा सांगितलं, डबे फुटले. सरपंचांनी शेवटी बीडहून डबे आणले.

ती बातमी आली तेव्हा मी तिथेच होतो. एक दूधवाला दुकानासमोर सायकल थांबवून म्हणाला, "मामा, तुमच्या देवळाला कलर लागायलाय की!" मामा गल्ल्यावरून उठले ते तसेच रस्त्यावर. दुकान उघडं. मी कसाबसा फळ्या लावून त्यांच्यामागे धावलो आणि आम्ही एका गच्च भरलेल्या जीपला लटकलो.

मागच्या भिंतीपाशी दोन रंगारी शिडीवर होते. काटेवालीचं तोंड गुलाबी झालं होतं, ओठ लाल, आणि भुवया काढणं चाललं होतं. सरपंच खाली उभे राहून कौतुकाने बघत होते. "या मामा," ते म्हणाले, "कशी दिसतीया? जित्ती झाली का न्हाई?"

मला वाटलं, मामा आता शिव्या देणार. त्यांनी शिवी दिली नाही. खालच्या डब्यातला कुंचला उचलला, सदऱ्याची बाही वर केली आणि डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत गुलाबी रंग फासला. रंगारी शिडीवर थिजले.

"मामा, हे काय कराया लागलाव?"

"सरपंच, आठ दिस काम थांबवा. ह्यो हात मी असाच ठिवतो. मला काय हुतंय ते बगा, मंग लेकीला रंग लावा."

सरपंच हसले, पण त्यांनी काम थांबवलं. आणि मामांनी खरंच आठ दिवस तो हात तसाच ठेवला. खपली पडली की सकाळी अंघोळीनंतर पुन्हा रंगाचा हात मारायचा. अख्खं चौसाळा तो हात बघायला दुकानात येऊन गेलं. अक्काच्या सासूबाईंनी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी खाज सुटली, पाचव्या दिवशी हात सुजला, रात्रभर ते ओसरीवर फुंकर घालत बसायचे. मी म्हणालो, "मामा, कावून जिवाला त्रास करून घेताव?" तर म्हणाले, "मी ओरडू तरी शकतो."

आठव्या दिवशी ते सरपंचांच्या दारात उभे राहिले. हात बघून सरपंचांचाच चेहरा उतरला. "आरं द्येवा! मामा, राकेल लावा, काडा ते आदी!"

"दगडाला बी घाम येतो, सरपंच. आतलं पानी भाईर पडायला पायजे. न्हाई पडलं की असंच फुगतंय, मंग पापुद्रा सुटतो. त्यो बोलत न्हाई, एवढंच."

सरपंचांनी बायकोला हाक मारून राकेल आणायला सांगितलं आणि स्वतःच्या हाताने मामांचा हात पुसायला बसले. उरलेला रंग देवळाच्या नव्या कुंपणाला आणि लोखंडी फाटकाला लागला. ते फाटक इतकं गुलाबी झालं की लांबूनच डोळ्यात भरायचं. मामांनी त्याला नावं ठेवली नाहीत. "हौस हुती मानसाची," म्हणाले, "वाईट न्हवती."

काटेवालीचं तोंड धुवायला मात्र वर्ष गेलं. दर सोमवारी उपासाच्या अंगाने ते जायचे, टर्पेंटाइनची बाटली, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि बांबूच्या काड्या घेऊन. शेवटी एका कानाच्या आत थोडा गुलाबी राहिला, तो त्यांनी मुद्दामच ठेवला. लेक एकदा नटली होती, त्याची खूण असू द्या, म्हणाले.

नंतर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बीडला ऑपरेशन झालं, पण ते काही लागू पडलं नाही. मी नोकरी लागल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा ते ओसरीवर बसून होते. मला म्हणाले, "तू एकटाच जाऊन ये. काय बगितलंस ते यिऊन सांग." मी गेलो. इतकी वर्षं त्यांच्या मागे फिरलो होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. गाभाऱ्याचं पाणी बाहेर पडतं त्या गोमुखाखालची नाली नुकतीच उपसली होती आणि वर्षानुवर्षांचा गाळ निघाला होता. तिथे, अगदी खालच्या थराला, बोटभर लांबीची एक खार कोरलेली होती.

परत येऊन मी हे सांगितलं. मामा ताठ बसले. "खार? कुठं?" मी जागा सांगितली. "थापा मारू नगंस. तितं काय बी न्हाई." आणि दुसऱ्याच क्षणी, "सूनबाई, माजी टोपी द्या!"

ते त्यांचं शेवटचं जाणं. त्याच उन्हाळ्यात ते गेले. पण त्या दिवशी पांढऱ्या धोतरानिशी ते नालीच्या चिखलात बसले, मी त्यांचं बोट धरून त्या खारीवर ठेवलं, आणि ते कितीतरी वेळ ते बोट फिरवत राहिले.

"शेपूट वर हाय का?"

"वर हाय."

"हातात काय धरलंय?"

मी वाकून बघितलं. "हरभऱ्याचा घाटा असंल."

ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. "मला वाटलतं, समदं बगून झालं."

परतीच्या जीपमध्ये त्यांनी मला ती खार पुन्हा सांगायला लावली. चौसाळा येईपर्यंत मी ती तीनदा सांगितली. तिसऱ्या वेळी त्यांचे डोळे मिटले होते, मला वाटलं झोप लागली. मी शेपटीपाशी जरा चुकलो, तर त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच मला दुरुस्त केलं.