कामोठ्याच्या चौकातला माझा फोटो

आमचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं तेव्हा मी पनवेलच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. उलव्याला भाड्याच्या घरात आलो. काही वर्षांनी विमानतळावर भरती निघणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा बाबा जेवताना म्हणाले, "आमच्या जमिनीवर इमान उतरनार, तं नोकरी आमच्या पोरींना नाय तं कोनाला?" माझं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. म्हणून मी कामोठ्याला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावला.

क्लास एका मेडिकलच्या दुकानावर होता. सर तरुण, कायम टाय लावलेले, हसतमुख. ते मराठी बोलायचे त्यातही निम्मं इंग्रजी असायचं. एका आठवड्यात त्यांनी अवघड काम फत्ते करण्याची क्रियापदं घेतली. फळ्यावर एकाखाली एक लिहिली: कॅरी आउट, ब्रिंग अबाउट, सी थ्रू, पुल ऑफ. पार पाडणं, घडवून आणणं, शेवटपर्यंत निभावणं, असे अर्थ मी मनात जुळवत गेले. पुल ऑफपाशी अडले. पुल म्हणजे ओढणं एवढंच मला ठाऊक होतं.

"ट्रान्सलेट करू नकोस," सर म्हणाले. "हिला हे जमेल असं कुणालाच वाटलं नव्हतं आणि तिने जमवलं, हे म्हणजे पुल ऑफ. इंटरव्ह्यूला हाच शब्द टाकायचा. पॅनेल खूश होतं."

मला तो शब्द फार आवडला. घरी परतताना रिक्षात मी तो पुटपुटत राहिले.

मग खोट्या मुलाखतींचा सराव सुरू झाला. सरांनी मला विचारलं, तुझ्या आयुष्यातली एखादी अवघड गोष्ट सांग, जी तू पुल ऑफ केलीस. मला विचार करावाच लागला नाही. आमच्या गावातलं शेजारचं घर पाडलं तरी माझी आई दारातून हलायला तयार नव्हती. बाबा तिच्याशी बोलायचे थांबले होते. मी रोज तिच्याजवळ उंबऱ्यावर बसायचे, तिथेच परीक्षेचा अभ्यास करायचे. शेवटी एका सकाळी तिने स्वतःच चूल विझवली आणि म्हणाली, "चल." सामान टेम्पोत भरलं ते मी. भाड्याची खोली शोधली ती मी. आणि त्याच महिन्यात परीक्षा देऊन पास झाले.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी हे सगळं सांगितलं. सरांनी घड्याळ बघितलं.

"हे सॅड आहे गं. निगेटिव्ह वाटतं. एअरपोर्टच्या इंटरव्ह्यूला एअरपोर्टचीच कम्प्लेंट करणार का? कॉलेज फेस्ट सांग. फेस्ट तू ऑर्गनाइज केलंस, ऐन वेळी स्पॉन्सर पळाला, तरी यू पुल्ड इट ऑफ."

"पण सर, मी फेस्टला कधी गेलेसुद्धा नाही."

"मग काय झालं? भाषा शिकायला आलीयेस ना?"

मी ते फेस्ट पाठ केलं.

मुलाखत एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. समोर दोन माणसं. त्यातल्या बाईंनी तोच प्रश्न विचारला. मी फेस्ट सांगितलं, एकाही शब्दाला न अडखळता. त्यांनी विचारलं, स्पॉन्सर पळाल्यावर पहिला फोन कुणाला केला? ते पाठ केलेलं नव्हतं. मी प्रिन्सिपलांचं नाव घेतलं, मग बदलून मैत्रिणीचं घेतलं. बाई हसल्या, चांगलं हसल्या, आणि म्हणाल्या, वी विल गेट बॅक टू यू.

मी त्याचा सरळ अर्थ घेतला. ते परत फोन करतील. जिन्यावरूनच सरांना कळवलं. "व्वा! म्हणजे झालंच समज," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या जुन्या गावातल्या एका रिक्षावाल्या काकांचा बाबांना फोन आला. कामोठ्याच्या चौकात तुझ्या पोरीचा मोठा बोर्ड लागलाय. बाबा चप्पल घालून तसेच निघाले. मी मागोमाग. चौकात, विजेच्या खांबांना बांधलेल्या फ्लेक्सवर माझा चेहरा होता, दारापेक्षा मोठा. सरावाच्या वेळी सरांनी काढलेला फोटो. मागे कुठून तरी आणून चिकटवलेलं विमान. खाली इंग्रजीत: शी पुल्ड इट ऑफ! आणि त्याखाली क्लासचं नाव, नव्या बॅचची तारीख.

"काय लिवलाय?" बाबांनी विचारलं.

"मी करून दाखवलं, असं."

बाबांनी बोर्डाखाली उभं राहून रिक्षावाल्या काकांकडून फोटो काढून घेतला. संध्याकाळी त्यांनी पेढे आणले. अजून फोन यायचाय, असं मी म्हणत होते. आई म्हणाली, बोर्डावर आलंय म्हणजे आता काय राहिलं.

फोन आलाच नाही. मीच केला, तेव्हा पलीकडची मुलगी म्हणाली, जागा भरल्या मॅडम, तुम्हाला मेल नाही का आला?

मी सरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला.

"सर, तो बोर्ड काढा. मला नोकरी लागलेली नाही."

"लागली असं कुठे लिहिलंय?" ते अगदी शांतपणे म्हणाले. "मराठी मीडियमची मुलगी, इंग्लिशमध्ये अख्खा इंटरव्ह्यू दिलास. तो पुल ऑफच झाला ना? एक तरी शब्द चुकीचा दाखव."

इंग्रजीत खरंच चूक नव्हती. त्या क्षणी मला त्या भाषेचाच राग आला.

"माझे बाबा पेढे वाटून बसलेत, सर."

"त्यांना मी वाटायला सांगितले नव्हते. आणि भाडं महिन्याचं भरलंय, बोर्ड आधी उतरवता येणार नाही. तू अॅडव्हान्स्ड बॅचला बस, फी कमी करतो."

घरी येऊन मी बाबांना खरं सांगितलं. ते उठले. मग आतून कोयता घेऊन आले. "चल."

भर दुपारी चौकात बाबा दुकानदाराच्या स्टुलावर चढले आणि दोऱ्या कापायला लागले. गर्दी जमली. एक माणूस ओरडला, "ओ काका, परवानगी आहे का?"

"माझ्या पोरीचा थोबाड हाय," बाबा वर न बघता म्हणाले. "माझी परवानगी कोनी घेतली होती?"

फ्लेक्स खाली माझ्या अंगावर पडला, गरम आणि धुळीने भरलेला. आम्ही तो गुंडाळून रिक्षात टाकला.

दोन आठवड्यांत त्याच जागी दुसऱ्या मुलीचा बोर्ड लागला. तीही आमच्याकडचीच असावी, चेहऱ्यावरून. तिला खरंच नोकरी लागली की नाही, मला माहीत नाही. क्लासच्या आता पनवेल आणि उलव्यातही शाखा आहेत. वाईट वागून सहीसलामत सुटणं याला इंग्रजीत गेट अवे विथ म्हणतात. हे सरांनी शिकवलं नाही. पनवेलच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी मेल लिहिण्याचं काम करते, तिथे शिकले.

आता विमानं उडतात. आमच्या घरावरून जातात तेव्हा बोलणं थांबवावं लागतं. मागच्या महिन्यात एका लग्नात जुन्या गावातली एक म्हातारी आत्या बाबांना भेटली. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "ही तीच ना, बोर्डावरची? एअरपोर्टला हाय ना?"

बाबा कधी खोटं बोलत नाहीत. जमिनीच्या मोजणीला आलेल्या साहेबांशीही खोटं बोलले नव्हते.

"हाय," ते म्हणाले आणि पानावरच्या भाताकडे बघत राहिले. मी वाकून आत्याला नमस्कार केला.