बबनच्या वाट्याचं एक वाक्य

संगीत नाटकात गाणारा एक पद अर्धा तास आळवतो. मागे भाला धरून उभ्या असलेल्यांनी तेवढा वेळ करायचं काय? इकडेतिकडे बघायचं! म्हणून टाळ्या गाणाऱ्यांकडे जमतात आणि किस्से आम्हा भालेवाल्यांकडे.

आमच्या भिवंडीच्या हौशी मंडळाचे दिग्दर्शक म्हणजे मास्तर, शाळेत मराठी शिकवायचे. द्वारपाल शोधायला ते थेट निजामपुऱ्यात आमच्या लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, आले. "बारा तास उभं राहता ना? मग शिकवायचं काय तुम्हाला!" झालं, मी, सलीम आणि बबन दरबारात भरती!

*

लूमच्या खडखडाटात आमचं हळू बोलणंही ओरडणंच असतं. एका प्रयोगात राजा मरताना गात होता. चार कडवी झाली, तरी मरेना. सलीम माझ्या कानात कुजबुजला, "भाई, ये मरता कब है? मेरी शिफ्ट है!"

शेवटच्या रांगेतून उत्तर आलं, "हमारी भी!"

*

एकदा राणीचं विरहाचं पद ऐन रंगात होतं. बबनला तिच्या शालूचा तुटलेला धागा दिसला. पठ्ठ्याने भाला राजाच्या हातात दिला, खाली बसला आणि गाठ मारून परत जागेवर! राजा पद संपेपर्यंत भाला धरून उभा.

मास्तर भडकले. बबन म्हणाला, "तुटलेला धागा बघून गप उभा ऱ्हायला जमत न्हाय मला!"

*

पण बबनचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्याची बायको सुगंधा नाटकाला कधी आलीच नाही. "तू बोलतस न्हाय, तं बघायचा काय?" सहा वर्षं हेच! शेवटी त्याने मास्तरांचे पाय धरले आणि एक वाक्य मिळवलं: "महाराज, राणीसाहेब येत आहेत." महिनाभर लूमवर तो तेच घोकत होता. आम्हालाही पाठ झालं, देवा!

प्रयोगाला सुगंधावहिनी पहिल्या रांगेत, अगदी कडेला बसल्या. बबनने घसा खाकरला, तोंड उघडलं आणि लाईट गेली. लोडशेडिंग!

आता आमच्या लूमचा कायदा असा की लाईट गेली की मशीन बंद, सगळे चहाला. पाय आपोआप वळले. मी आणि सलीम विंगेत गेलो, आमच्या मागोमाग राजा आला, तबलजीही आला; प्रवेशासाठी थांबलेली राणी तिथेच होती. स्टोव्हवर चहा तयारच होता.

तेवढ्यात भपकन लाईट आली.

रंगमंचावर कोणी नाही. एकटा बबन, भाला सरळ धरून. जागचा हललाच नव्हता बिचारा! त्याने रिकाम्या सिंहासनाला मुजरा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "महाराज, राणीसाहेब येत आहेत!"

कडेच्या खुर्चीवरून विंग स्पष्ट दिसते. सुगंधावहिनी उठून उभ्या राहिल्या. "अरे थांब जरा! तिचा चा सरला न्हाय अजून!"

बबनने भाला आपटला, त्याच दरबारी आवाजात म्हणाला, "बरं!" आणि उभा राहिला.