उघड्या टपाची लाल गाडी

गाडीच्या ताज्या रंगाचा वास आला की उरणच्या आमच्या गॅरेजातली ती उघड्या टपाची जुनी अमेरिकन गाडी आठवते. माझ्या नवऱ्याने सहा वर्षं खपून ती नव्याने बांधली होती, कागद मात्र थोरल्या दिरांच्या नावावर. एका दुपारी दीर गिऱ्हाईक घेऊन आले. "ही विकायची न्हाय," नवरा म्हणाला. "गाडी माझी हाय. तू नुसता मिस्त्री," दीर हसले. नवऱ्याने लोखंडी पाना उचलून त्यांच्या डोक्यात घातला. पांढऱ्या सीटवर रक्त उडालं. दुसरा घाव पडण्याआधी मी त्याच्या हाताला लोंबकळले. "अवो, मरतील ते!" दीर वाचले, गाडी त्याच आठवड्यात विकली गेली. आमचा संसार सुरू आहे. पण नवरा मागून आला की माझी नजर आधी त्याच्या हातांकडे जाते.