मोठ्या सिस्टरांचा एक चमचा

मिलिग्रॅमचे मिलिलिटर करायला मोठ्या सिस्टरांना कागद लागत नसे. घाम लागत असे, तोही समोरच्याचा. वॉर्डात नवी नर्स आली की पहिल्याच दिवशी तिची परीक्षा.

"पाच मिलित सव्वाशे मिलिग्रॅम औषध. डॉक्टरांनी अडीचशे लिहिलंय. किती देशील?"

"दोन चमचे," परवाची नवी मुलगी म्हणाली. झालं!

"चमचे? हा वॉर्ड आहे की तुझं स्वयंपाकघर? दहा मिलि म्हण!" तो आवाज ऐकून अंथरुणाला खिळलेले पेशंटही सावरून बसले.

घरी मात्र बाईंना कुत्रं विचारत नसे. घरी सासूबाई होत्या. त्यांना खोकला झाला आणि डॉक्टरांनी गुंगी आणणारं सिरप दिलं, पाच मिलि. ड्यूटीला निघालेल्या सिस्टर एक पाय चपलेत घालून ओरडल्या, "आई, जेवल्यावर एक चमचा घ्या हो!"

सासूबाईंनी सुनेचं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा ऐकलं, तेही नेमकं तेव्हाच.

संध्याकाळी सिस्टर परतल्या तर सासूबाई खुर्चीत घोरत होत्या. हलवलं की "हं" म्हणायच्या आणि पुन्हा गुडूप. शेजारी भाजी वाढायचा चमचा चिकट होऊन पडला होता. सिस्टरांनी सिरिंजने त्यात पाणी भरून पाहिलं. वीस मिलि मावलं. चौपट! त्यांनी तडक वॉर्डात फोन लावला, तर उचलला त्याच नव्या मुलीने.

"आईंना सिरप जास्त गेलंय गं. मी एक चमचा सांगितला होता…"

पलीकडून अगदी नम्रपणे प्रश्न आला, "कुठला चमचा, सिस्टर?"

"वीस मिलि," सिस्टर म्हणाल्या. इतक्या हळू, की पुन्हा सांगावं लागलं.

"लगेच घेऊन या. मी डॉक्टरांना सांगते."

सासूबाईंना सिस्टरांच्याच वॉर्डात ठेवलं. नवी मुलगी त्यांचा श्वास पाहत बसून राहिली, आणि आयुष्यभर हुकूम सोडलेल्या सिस्टर "बरं", "हो गं" म्हणत तिच्यामागे उभ्या राहिल्या. सकाळी सासूबाईंनी डोळे उघडले आणि चहा मागितला, तेव्हा सिस्टरांनी पडद्याआड जाऊन डोळे पुसून घेतले.

सासूबाई मात्र खुशीत होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, "अशी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. सुनेचा हातगुण हो!"